पांडूमामांचा डबा आणि मी आवळलेले चार नट

मु. पो. कुंभिवली, ता. खालापूर
रविवार, सकाळचा चहा झाल्यावर

आदरणीय पांडूमामा यांना भाचा मिलिंद याचा सविनय जयभीम.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. आईचं बीपी गोळीच्या ताब्यात आहे, रूपाचा खांदा शेकाच्या ताब्यात आहे आणि मी रूपाच्या ताब्यात आहे. तुमचे गुडघे काय म्हणतात? नाशिकची थंडी बाधत नाही ना? (आता उन्हाळा आहे हे मला माहीत आहे, पण गेल्या थंडीत विचारायचं राहून गेलं होतं.) फोन करायचा सोडून याने पत्र का लिहिलं असं तुम्हाला वाटेल. मामा, राग मानू नका, पण फोनवर तुम्ही निम्मं ऐकता आणि उरलेलं निम्मं मनाने भरून काढता. चाळीस वर्षं स्पीकरच्या पुढ्यात उभं राहिलेल्या माणसाला निम्मं ऐकू येतं हेच पुष्कळ. मागे आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दहा मिनिटं खुलासेवार सांगितलं, आणि शेवटी तुम्ही म्हणालात, बरं मग, तिचे डोळे एकदा दाखवून घे. पत्राचं तसं नसतं. चष्मा लावून दोनदा वाचता येतं आणि लिहिणाऱ्याला मधेच तोडता येत नाही. पुढचा मजकूर वाचताना मला तोडावं असं तुम्हाला बऱ्याचदा वाटणार आहे, म्हणूनही पत्रच बरं.

पाकीट फोडताच तुम्ही डब्याचं काय ते शोधणार, म्हणून आधीच सांगून टाकतो. डबा उत्तम आहे. मधले अठरा दिवस सोडले तर तो कायमच उत्तम होता. त्या अठरा दिवसांचाही मी उल्लेख केला नसता, पण गजाभाऊ रेडिओवाले तुमच्या ओळखीचे निघाले आणि त्यांच्याकडून तुम्हाला कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, असं रूपाचं मत पडलं.

मामा, तुम्ही सहा वर्षांपूर्वी घातलेली अट मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. मामी गेल्या, तुम्ही पळसदरीच्या घराला कुलूप घालून नाशिकला निघालात, गिटार माझ्या पौर्णिमाच्या हातात दिलीत आणि हा विलायती अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे आपला डबा, माझ्या ओटीवर उतरवलात. (टेंपोतून उतरवताना चौघांच्या कंबरा धरल्या होत्या. काचेच्या व्हॉल्व्हचा काळ होता तेव्हा लोक वजनाला भीत नसावेत.) आणि म्हणालात, “वाजतोय तोवर तुझा. बिघडला तर उघडायचा नाय. मला कळव, मी येईन आनि घेऊन जाईन. स्वप्नीलला देईन.” स्वप्नील हा मामींचा भाचा, चांगला मुलगा आहे, बदलापूरला त्याची खोलीभर यंत्रं आहेत, सगळं मान्य. पण त्या यंत्रांत हा डबा कोपऱ्यात शोभेला बसेल. इथे पौर्णिमा रोज त्यावर वाजवते. कॉलेजातून आली की चपला काढायच्या आधी डब्याचं बटण दाबते, कारण तो तापून बोलायला लागेपर्यंत तिचं हातपाय धुणं होतं. यंदा बुद्धपौर्णिमेला विहारात गायन पार्टीला साथ तिचीच आहे आणि सुरुवातीला तुम्ही वाजवायचात ती धून ती वाजवणार आहे. ती धून लेण्याशिवाय होत नाही.

लेणं म्हणजे काय हे पौर्णिमाच्या मैत्रिणींना सांगावं लागतं. त्या त्याला रिव्हर्ब म्हणतात. मी त्यांना तुम्ही मला सांगितलं होतं तेच सांगतो. डब्याच्या तळाशी पत्र्याची एक चपटी पेटी असते, तिच्यात लांब स्प्रिंगा असतात, गिटारचा आवाज एका टोकाने आत शिरतो, स्प्रिंगांना हलवत हलवत दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की कोणीतरी कोंडाण्याच्या लेण्यात बसून वाजवतंय. मी सातवीत असताना तुम्ही मला त्या लेण्यात नेऊन एक टाळी वाजवून दाखवली होती आणि घरी येऊन ते बटण फिरवून दाखवलं होतं. तेव्हापासून आपल्या घरात ते लेण्याचं बटण आहे.

तर हे लेण्याचं बटण, कोणीही काहीही केलेलं नसताना (या वाक्याकडे आपण नंतर परत येऊ), एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बिघडलं. बटण शून्यावर असलं की डबा गुणी. दोनच्या पुढे गेलं की आधी घूंऽऽ असा आवाज, मग तो वाढत वाढत कारखान्याच्या भोंग्यासारखा व्हायचा. कोणी जवळून चाललं तर आतून पत्र्याचं कपाट जिन्यावरून पडल्यासारखा आवाज यायचा. हे आम्हाला घरात कळलं असतं तर बरं झालं असतं, पण घराच्या रंगकामात डबा तेवढे दिवस झाकून ठेवलेला होता. कळलं चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, सगळी कुंभिवली विहारापुढे बसलेली असताना. पौर्णिमाने बटण चारवर नेलं आणि पुढच्या रांगेतल्या बाळांनी एकदम भोकाड पसरलं. पोरीने तसंच बटण शून्यावर आणून गाणं निभावलं, पण घरी आल्यावर जेवली नाही. बुद्धपौर्णिमेला मी वाजवणार नाही, एवढंच म्हणाली आणि गिटार खोळीत घातली. मामा, मला फार वाईट वाटलं. तुम्हाला कळवायचं तर डबा बदलापूरला जाणार, न कळवायचं तर पोरगी वाजवणार नाही. म्हणून मी ठरवलं की तुम्हाला पत्ता लागू न देता हे दुरुस्त करायचं.

मी तीस वर्षं मेंटेनन्स फिटर होतो हे तुम्ही जाणताच. बिघाड शोधायची माझी पद्धत अशी की आधी दुसऱ्याचा दोष शोधायचा. पहिला संशय अर्थिंगवर घेतला. परसात खड्डा खणला, पाइप पुरला, कोळसा आणि मीठ भरलं आणि रोज सकाळी बादलीभर पाणी घातलं. आठव्या दिवशी रूपाचा कढीपत्ता वाळला. डब्यावर काही फरक नाही. दुसरा संशय घरावरून जाणाऱ्या हायटेन्शनच्या तारांवर, पण त्यांच्याबाबत मला फारसं काही करता येण्यासारखं नव्हतं. तिसरा शेजाऱ्यांवर. संध्याकाळी सात ते साडेसात आळीतल्या सगळ्यांनी मिक्सर, मोटार, इन्व्हर्टर, दिवे, पंखे सगळं बंद ठेवावं अशी विनंती करत मी दारोदार फिरलो. लोकांनी ऐकलं (माझ्यामुळे नाही, पौर्णिमामुळे). अर्धा तास सगळी आळी अंधारात पंख्याविना बसली होती आणि डबा आधीइतकाच घोंघावत होता. दुसऱ्या दिवशी दुधाला जाताना मी मागच्या वाटेने गेलो.

मग मोबाइलवर बघून व्हॉल्व्हकडे वळलो. त्यात एक माणूस सांगत होता की व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकी टिचकी मारा, जो कुरकुरेल तो दोषी. घरात पेन्सिल मिळाली नाही म्हणून लाटणं घेतलं. लाटण्याने एकही व्हॉल्व्ह फुटला नाही हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो, पण कुरकुरले सगळेच. ते काढून अदलाबदल करून बघावी म्हणून एकाला हात घातला. ते दोन तास चालू होते हे माझ्या ध्यानात आलं नाही, बोटांच्या आलं. आईने त्यावर खोबरेल लावलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसली. मामा, हे लक्षात ठेवा की आई त्या खुर्चीत बसून सगळं बघत होती. मोतीबिंदू काढल्यापासून तिला फार दिसतं.

शेवटी रूपाने कर्जतच्या गजाभाऊंचं नाव काढलं. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणारा या भागात तो एकच माणूस उरला आहे. गेल्या शनिवारी टेंपो केला. मागे डबा, डब्याला धरून मी, पुढे ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरच्या शेजारी आई. तिचं काही काम नव्हतं. पण टेंपो पळसदरीवरून जाणार हे कळल्याबरोबर ती नवं लुगडं नेसून ओटीवर येऊन बसली होती. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला माहेरच्या वाटेवरून नको ये म्हणणारा मी कोण? पळसदरीला तिने टेंपो थांबवायला लावला, उतरली, आणि तुमच्या दारापुढे बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं रडेल. तिने कुलूप हातात घेऊन दोनदा उलटसुलट बघितलं आणि एवढंच म्हणाली, “गंजलं हाय रं. तेल कोन घालनार याला?” मग पदराला हात पुसून टेंपोत येऊन बसली.

कर्जतला गजाभाऊंचं दुकान बंद. शेजारच्याने सांगितलं की ते कळंबला एका रिसॉर्टवर मिक्सर दुरुस्त करायला गेलेत. टेंपो कळंबला. तिथे हळदीचा कार्यक्रम होता आणि डबा बघताच फाटकावरच्या माणसाने आम्हाला बँडवाले समजून थेट मांडवात सोडलं. मी नाही नाही म्हणतोय तोवर दोघांनी डबा स्टेजवर चढवला आणि तिसऱ्याने प्लग लावला. (लेण्याचं बटण मी कुठे ठेवलं होतं विचारू नका.) व्हॉल्व्ह तापले आणि डब्याने असा भोंगा दिला की बेंजोवाल्यांना ती सुरू करायची खूण वाटली. त्यांनी गाणं सुरू केलं, बायका नाचायला उठल्या, आणि हळद अजून खोलीतच होती. नवरदेव टॉवेलवर धावत आला. या गडबडीत आईला कोणीतरी वरपक्षाची मोठी आजी समजून मानाच्या खुर्चीत बसवलं, सरबत दिलं आणि गालांना हळद लावली. तिने ती आनंदाने लावून घेतली. अजून कानामागे थोडी पिवळी आहे. भोंगा ऐकून भटारखान्यातून स्वतः गजाभाऊच बाहेर आले, तेव्हा आम्हाला त्यांना शोधावं लागलं नाही.

गजाभाऊंनी डबा भटारखान्यात नेऊन टेबलावर ठेवला. आईची खुर्चीही तिच्याबरोबर तिथे आली. त्यांनी अर्थिंग बघितलं नाही, तारा बघितल्या नाहीत, व्हॉल्व्हना हातही लावला नाही. लेण्याचं बटण शून्यावर आणलं, आवाज गेला. बटण वाढवलं, आवाज आला. मग डब्यामागे हात घालून लेण्याच्या पेटीकडे जाणाऱ्या दोन वायरी उपटल्या, बटण पूर्ण फिरवलं, आणि डबा गप्प. म्हणजे दोष पेटीतच. एवढ्याला त्यांना एक मिनिट लागलं आणि मी कढीपत्ता मारून बसलो होतो. आईने विचारलं, या वायरी काढल्या की लेणं बंदच होतं का? गजाभाऊ म्हणाले, बंदच, आजी. आईने मान हलवली. त्यांनी पेटीचा पत्रा उघडला आणि आत वाकून बघितलं. मग मला विचारलं की हे कोणी केलंय.

मामा, इथे त्या मघाच्या वाक्याकडे परत यायला हवं. जयंतीच्या आधी घराचं रंगकाम काढलं, तेव्हा डब्यात झुरळं असतील म्हणून मी मागची फळी उघडली. (फळी उघडणं म्हणजे डबा उघडणं नव्हे, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.) तळाशी एक मळकी खाकी पिशवी होती. तिच्यात ती पत्र्याची पेटी. पेटी उचलली तर आतून खुळखुळली. उघडून बघतो तर आतली अख्खी पट्टी चार बारक्या स्प्रिंगांवर नुसती लोंबत होती. बोट लावलं की पाळण्यासारखी डुलायची. मामा, तीस वर्षं मी एकच गोष्ट शिकलो, की कारखान्यात जे सैल ते उद्या कोणाच्या तरी पायावर पडणार. सैल दिसलं की माझे हात शिवशिवतात. मला वाटलं, बिचाऱ्या मामांच्या हे इतकी वर्षं ध्यानातच आलं नाही. मी चार नट आणि वॉशर लावून पट्टी पेटीला घट्ट केली, फटी एमसीलने बुजवल्या आणि पेटी डब्याच्या तळाला चार स्क्रूंनी आवळून टाकली. वर पाव फेरा जास्तीचा दिला. पिशवी मळकी म्हणून फेकायला काढली, ती आईने उचलली. तुम्हाला आश्चर्याचा सुखद धक्का द्यायचा म्हणून मी हे कोणाला बोललो नव्हतो, आणि जयंतीनंतर न बोलण्याची कारणं आणखी वाढली.

गजाभाऊंनी विचारल्यावर मी टेबल पुसायला घेतलं. पण माझ्या वरच्या खिशात पाना दिसत होता, तो गजाभाऊंनी बघितला. ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, “दादा, हे लोंबत ठेवलेलं असतंय. लोंबतंय म्हनून बाहेरचा धक्का आत जात नाय. तुमी आवळलंत.” तुमची ती पिशवीही त्याचसाठी होती, पत्र्याला पत्रा लागू नये आणि स्पीकरचा हादरा पेटीत जाऊ नये म्हणून. मग त्यांनी मलाच ते नट सोडायला बसवलं. तीस वर्षांत मी आवळलेलं काही स्वतः सोडत बसायची ही पहिली वेळ. एमसील खरवडायला दीड तास लागला, तोवर बाहेर हळदही लागून झाली.

घरी आल्यावर रूपाने पौर्णिमाच्या जुन्या जीन्सची पिशवी शिवली, पेटी तिच्यात घातली, स्क्रू बेताचे ठेवले (रूपाने पाना माझ्या हातून काढून घेतला आणि स्वतः ठेवले), आणि पोरीने बटण पाचवर नेलं. मामा, घोंघाट नाही, खडखड नाही. तुमची धून तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवली आणि आपल्या ओटीवर पुन्हा कोंडाणं उभं राहिलं. मी आत जाऊन तोंड धुऊन आलो. डबा वाजतोय, तेव्हा अटीप्रमाणे तो माझ्याकडेच राहतो, आणि तुम्हाला एवढ्या उन्हात गुडघे घेऊन यायचं काही कारण नाही. तब्येतीला जपावं. सर्वांना जयभीम सांगावा.

तुमचा भाचा,
मिलिंद

ता. क. : तुमची खाकी पिशवी मी आईकडे परत मागितली होती. ती देत नाही. तिच्यात आता तिच्या गोळ्या आणि आधार कार्ड असतं, आणि माझ्या भावाची पिशवी आहे, असं तिचं म्हणणं.

दुसरा ता. क. : चार नटांचं स्वप्नीलला सांगू नये. तो मला मानतो.

तिसरा ता. क. : पत्र टाकायला निघालो होतो, पण पाकीट पुन्हा उघडावं लागलं. काल संध्याकाळी पौर्णिमा सरावाला बसली तर लेणं बंद. घोंघाटही नाही, काहीच नाही. मागे बघतो तर दोन्ही वायरी गायब. तुम्हाला वाटतंय तसं नाही, मी हातही लावलेला नाही. सगळं घर शोधलं आणि शेवटी खाकी पिशवी आईच्या उशीखाली सापडली, तोंड गच्च बांधलेली, आतून वायरींची टोकं हाताला लागत होती. मी मागितल्या तर आईने पिशवी पोटाशी धरली. म्हणाली, “बिघडला का न्यायला येईन, असं बोलला होता ना पांडू? मग लिही त्याला. बिघडला.” मी समजावलं की आई, मामा आले तर डबा घेऊन जातील. तर म्हणाली, “नेऊ दे. आदी येऊ दे तर.”

मामा, तुम्ही येऊ नये म्हणून मी अठरा दिवस धडपडलो. तुम्ही यावं म्हणून ती सहा वर्षं वाट बघतेय आणि ते तिने मला एकदाही बोलून दाखवलं नाही. मी खड्डे खणत होतो आणि ती खुर्चीत बसून कोणती वायर काढायची ते शिकत होती. पौर्णिमाला सांगितलं तर ती आजीच्याच बाजूला जाऊन बसली.

तेव्हा अटीप्रमाणे कळवतो की डबा बिघडला आहे. वायरी आई तुमच्याच हातात देणार. बुद्धपौर्णिमेच्या दोन दिवस आधी पोहोचलात तर पोरीला सरावही मिळेल. डबा न्यायचा की ठेवायचा ते तुम्ही आणि तुमची बहीण बघून घ्या, मी मधे पडणार नाही. येताना पळसदरीची किल्ली तेवढी आठवणीने आणा. कुलपाला मी आज दुपारी जाऊन तेल घालून आलोय. फक्त तेल घातलंय मामा, आवळलं काही नाही.